शेवटचा फर्मा

"हॅलो?… हॅलो, कोण?… अरे, तू होय. थांब, थांब जरा, हात बरबटलेत… नाही नाही, बोल, फोन खांद्यावर धरलाय."

बाइंडरबाईंना फोन यायचा तो नेमका हात खळीत असताना, हा आता नियमच झाला होता. समोर लाकडी शिकंज्यात सात जाड रजिस्टरं पाठ वर करून उभी होती आणि खळ वाळायच्या आत त्यांच्या पाठींवर कापड चढवायचं होतं. फोन धाकट्या भावाचा होता. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, त्यामुळे 'बरा आहे' एवढं सांगायलाही त्याला फळा आणि खडू लागायचा. घरात त्याला मुंगळ्या म्हणत, कारण एकदा चिकटला की तुटेल पण सुटणार नाही. पलीकडून तो काय बोलतोय ते खोलीत कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. ऐकू येत होत्या त्या फक्त बाई.

"शाळा नाही का आज?… रजा? ती कशाला?… अच्छा, आज होता होय रिपोर्ट. मला वाटलं पुढच्या आठवड्यात… बरं, मग?… अरे, मग सांग ना, असा मध्येच काय थांबतोस?… हो, सहा. सहा गर्भ झाले ते सांगितलं होतंस मागे. त्या काचेच्या बशीत… हो, तेच. मग सहातले?"

बाईंनी ब्रश खळीच्या डब्यात सोडून दिला.

"पाच?… पाच चांगले?… बिघडलेले. पाच बिघडलेले… म्हणजे ते पोटात ठेवताच येणार नाहीत… हो, कळलं. ठेवले तरी दोन-तीन महिन्यांत… कळलं रे, तेवढं पुन्हा नको सांगूस. ती कुठाय? जवळ आहे का?… झोपलीय. रडली?… अजिबात नाही? मग लक्ष ठेव तिच्यावर. रडली असती तर बरं झालं असतं."

भावजयीला आजवर चार वेळा दिवस गेले होते आणि चारही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्या दोन वेळी डॉक्टर म्हणाले, होतं असं. तिसऱ्या वेळी तिच्या झाडून सगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या वेळी कुणा शहाण्याला सुचलं की नवऱ्याचंही रक्त घेऊन बघावं, आणि मग कळलं की गोम तिच्यात नाहीच, त्याच्यात आहे. माणूस धडधाकट, साधा चष्मा नाही. पण त्याच्या पाच नंबरच्या एका गुणसूत्राचं टोक आणि अकरा नंबरच्या एकाचं टोक यांची जन्मापासून अदलाबदल झालेली. याला तीन वर्षं झाली.

"हे बघ, मला धडा शिकवू नकोस. तुला हे मीच समजावलं होतं… मीच. तू आलास तेव्हा, एवढंसं तोंड करून, रिपोर्टची गुंडाळी करून. वाचून दाखवलास आणि मी म्हटलं, अरे, हे तर माझ्या हातून झालं होतं तसंच झालंय… हां, तेच. शेवटचा फर्मा. आता तू वर्गात सांगतोस म्हणे ते. माझं नाव तरी घेतोस का?… काय कप्पाळ घेतोस."

बाई एवढं हसल्या, पण हसू काही टिकलं नाही. ती गोष्ट खरीच त्यांच्या हातून घडलेली होती. फर्मा म्हणजे छापलेल्या कागदाला घड्या घालून झालेला सोळा पानांचा जुडगा. असे पंधरा-वीस जुडगे एकावर एक शिवले की पुस्तक उभं राहतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी एका ग्रंथालयाची चार पुस्तकं शिवली. ग्रंथ दोन, प्रत्येकाच्या दोन प्रती. दोन्ही ग्रंथांच्या एकेक प्रतीची पहिली जोडी बिनचूक झाली. दुसऱ्या जोडीत मात्र याचा शेवटचा फर्मा त्याला गेला आणि त्याचा याला. नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चारही पुस्तकं एकाच कपाटात होती आणि पान एकही हरवलेलं नव्हतं. मग ग्रंथालयानं दुसरी शाखा काढली आणि प्रत्येक ग्रंथाची एकेक प्रत तिकडे पाठवली, अर्थात न बघता. एक बिनचूक गेली, एक चुकलेली गेली. तिकडच्या वाचकाला एकच शेवट दोनदा मिळाला आणि दुसरा शेवट मिळालाच नाही. वडील तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, फक्त महिनाभर बाईंच्या हातात सुई दिली नाही.

"वाटणारा बघून वाटत नाही, हेच तर आहे… दोन्ही बरोबरच्या गेल्या तर प्रश्नच नाही. दोन्ही अदलाबदलीच्या गेल्या तरी भागतं, जोडीनं गेल्या ना, पानं सगळी आहेत. एक ही आणि एक ती गेली की संपलं… किती?… दहातले सहा? सहा शुक्रजंतू चुकीच्या वाटणीचे? आणि मुळात संख्याही कमी. म्हणून आधी दोन-दोन वर्षं काही राहतच नव्हतं… हो ना. आणि आपण तिलाच काढे पाजत होतो… मीही दिला होता एक, आहे माझ्या लक्षात. टोचून बोलू नकोस."

त्यांनी हात फडक्याला पुसले आणि फोन हातात घेतला. खांदा दुखायला लागला होता.

"बरं, सहावा?… पाच गेले म्हणतोस, मग सहाव्याचं काय?… म्हणजे?… तुझ्यासारखा. म्हणजे अदलाबदल झालेली जोडी, पण पूर्ण. पान एकही कमी नाही… अरे, मग चांगलं झालं की. तू नाही का वाढलास? नको तेवढा वाढलास… मग रडतोयस का?… रडत नाहीयेस. बरं, नाही रडत आहेस."

दुपार कलायला लागली होती. मनीची यायची वेळ होत आली, असं मनात येऊन बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मनी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, आणि आता तिला तेरावा आठवडा चालू होता. नवऱ्याबरोबर ती सकाळीच सोनोग्राफीला गेली होती. बाईंनाही जायचं होतं, पण रजिस्टरं आज द्यायची होती. निदान जावयाला त्यांनी तसं सांगितलं होतं.

"ऐकतेय, ऐकतेय. आईचं काय?… कुणी विचारलं?… तिथल्या बाईंनी. घराण्याचा तक्ता काढतात होय. काढू देत… अरे, तू तेव्हा तीन वर्षांचा, तुला काय आठवणार. मी नऊ-दहाची होते… किती वेळा पडलं म्हणजे, मला माहीत असलेले तीन. त्याआधीचे तिलाच ठाऊक… हो, तुझ्या-माझ्यामध्ये सात वर्षांचं अंतर काय उगीच आहे?… नाही, दवाखाना कसला. मागच्या खोलीत जायची, दार लावायची, मला म्हणायची, पाणी तापव आणि बाहेर बस. तिसऱ्या दिवशी पुन्हा शिवायला हजर. वडील म्हणायचे, दुकानात ओल फार आहे, बाईमाणसाला सोसत नाही… हो. ओल. आणि ती मान डोलवायची."

या भागाला बाईंचा आवाज नेहमी जरा कोरडा व्हायचा. त्यांना ते दार आठवत असे, आणि आत आई अजिबात आवाज न करता असायची तेही. नवलाची गोष्ट ही की त्याची भीती त्यांना त्या वयात नव्हती वाटली. ती आता वाटायला लागली होती, गेली दोन वर्षं.

"म्हणजे आईकडूनच आलं असणार. बिचारीला कळलंही नाही… हो, तुझी मुलं नाही झाली ते तिनं पाहिलं, एवढंच. स्वतःकडे बोट नाही दाखवलं कुणी, तिनंही नाही… बरं, ते जाऊ दे. तू त्या सहाव्याचं बोल. कधी ठेवणार?"

"काय म्हणजे, ठरत नाहीये?… ती काय म्हणते?… ती हो म्हणते, मग तुझं काय दुखतंय?… अच्छा. अच्छा, असं. म्हणजे त्याच्याही नशिबी हेच येणार… हो, मोठा होणार, लग्न करणार, आणि पुन्हा तीच वाटणी. हं… अगदी खरं सांगू? मला विचारतोयस ना?… मग ऐक. ठेव. डोळे मिटून ठेव. जिवंत तर येऊ दे. आधी घोडं तर दारात येऊ दे, मग नाल ठोकू… अरे, सांगता येतं की. सगळं सांगता येतं. आता काय आपल्या आईचा काळ राहिलाय? कळत्या वयाचा झाला की बसवायचं समोर, आणि सांगायचं, बाबा रे, तुझ्यात असं असं आहे, तुझी चूक नाही, माझी नाही… अठराव्या वर्षी सांग, विसाव्या वर्षी सांग. निदान लग्नाच्या आधी तरी—"

वाक्य तिथंच राहिलं. बाईंच्या तोंडून इतकं शहाणपण एका दमात क्वचित निघे, आणि आज निघालं तेही नेमकं कुणापुढे, हे त्यांना शेवटच्या शब्दाला पोचल्यावर कळलं.

"हॅलो?… आहे, आहे मी… नाही, काही नाही, खळ वाळतेय ते बघत होते… काय?… कुणाला?… मनीला?… मनीला काय सांगायचं?"

"हो, दिली होतीस चिठ्ठी. सगळ्या नातेवाइकांनी रक्त तपासून घ्यावं म्हणून… विसरले नाही मी… अरे, तेव्हा दुकान, इकडे तिचं लग्न… वेळ कुठे होता?… नाही म्हणजे, तसं नाही… मुंगळ्या, तू ना एकेक शब्द धरून बसू नकोस. मास्तरकी शाळेत… हो. हो म्हटलं ना. तपासलं. करून घेतलं मी… दोन वर्षं झाली."

त्या स्टुलावर बसल्या. हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढेही काढलेलं नव्हतं. नवरा असता तर त्याला तरी सांगितलं असतं, असं त्या मनाशी म्हणत. पण तेही खरं नव्हतं.

"आहे. माझ्यातही आहे… तेच. पाच आणि अकरा. तुझीच कार्बन कॉपी… अरे, नाही सांगितलं. सांगून काय होणार होतं तुला? तुझे काय कमी होते?… हो, माझेही पडले होते. मनीच्या आधी एक, मनीच्या नंतर दोन… मी कुणालाच नाही सांगितलं. आईनं कुठे सांगितलं होतं? पाणी मीच तापवलं, दार मीच लावलं, बाहेर बसायलाही कुणी नव्हतं… जाऊ दे."

"नाही, तिला नाही सांगितलं… नाही रे, नाही. कितीदा विचारशील?… कारण तिचं लग्न ठरत होतं. माझ्या हातात रिपोर्ट आला मंगळवारी आणि ते लोक बघायला येणार शनिवारी. काय करणार होते मी? चहाच्या कपासोबत रिपोर्ट ठेवू?… मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, तिला तो आवडला होता. म्हटलं, तिच्यात कशावरून आलं असेल? निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. म्हटलं, पोरीला सगळं चांगलंच मिळालंय आजवर, हेही चांगलंच मिळालं असेल. लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं, म्हटलं, रुळू दे. रुळली, म्हटलं, आता कशाला… हो, चुकलं. मी कुठे नाही म्हणतेय?"

बाई हे बोलताना फडक्याचं एक टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. चुकलं म्हणायला त्यांना जड जात नसे. धंद्यात रोज म्हणावं लागतं. पण आजवरची प्रत्येक चूक उसवता येण्यासारखी होती. दोरा कापायचा, फर्मे सुटे करायचे, पुन्हा शिवायचे.

"रिपोर्ट? आहे… फाडला कशाला असेन. शिक्क्याचा कागद फाडायचा नाही, हे वडिलांनी तुला नाही शिकवलं, मला शिकवलंय… घरात नाही… सांगते, पण चिडू नकोस. मनीच्या लग्नाला मी अल्बम बांधून दिला होता ना, निळ्या कापडाचा?… त्याच्या पुठ्ठ्यात आहे… पुठ्ठ्यात म्हणजे आत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, खळ लावून. वरचा पुठ्ठा… हो, तिच्याच घरात. दिवाणखान्यात असतो… वेड नाही लागलं मला. घरात ठेववेना, टाकवेना. आणि एका परीनं म्हटलं, दिला म्हणजे दिलाच की. तिचा कागद तिच्याकडे गेला. तिला दिसत नसेल, पण गेला… हसू नकोस… हसत नाहीयेस? मग काय करतोयस?"

भाऊ काय बोलत होता त्याचा अंदाज बाईंच्या मानेवरून येत होता. ती हळूहळू खाली चालली होती.

"तुझ्या बायकोबद्दल मी वाईट नाही बोलले… नाही बोलले मी तसं. मनीनं विचारलं होतं, मामा-मामीला मूल का नाही, तर मी म्हटलं, आहे काहीतरी. तिनं मामीचाच दोष धरला… मी खोडलं नाही. हो. खोडलं नाही. खोडलं असतं तर पुढचं विचारलं असतं तिनं… मला माहीतेय तुझी बायको किती सोसतेय. मला नको सांगूस. मी तिच्या पाया पडेन वाटलं तर, पण आत्ता ते नको."

"मनी? मनी दवाखान्यात गेलीय… नाही, काही झालं नाही, सोनोग्राफी… तेरावा… मागच्या आठवड्यात झाली होती एक. आज पुन्हा बोलावलं… का म्हणजे, मोठं मशीन आहे म्हणे तिकडे… असंच… अरे, असंच… मानेमागं पाणी दिसलं जरा. गर्भाच्या मानेमागं. थोडं जास्त आहे म्हणाले, कधीकधी असतं… मुंगळ्या?… हॅलो? अरे, बोल की."

बाईंनी फोन कानापासून काढून पाहिला. चालू होता. त्यांनी तो पुन्हा कानाला लावला आणि दोन्ही हातांनी धरला.

"मला माहीतेय त्याचा अर्थ… नाही, नसतोही तसा, नेहमीच नसतो, त्या डॉक्टरही म्हणाल्या… मला नाही झोप लागलेली आठ दिवस, तू मला भीती घालू नकोस… जगतं? म्हणजे?… म्हणजे पडत नाही नेहमीच? तुमचं तर प्रत्येक वेळी… हं. कुठला तुकडा जास्त आणि कुठला कमी त्यावर. एका वाटणीचं पडतं, एका वाटणीचं राहतं… राहतं आणि जन्मतं… आणि मग?… नको. पुरे. कळलं."

हे मात्र त्यांना खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या एकाच गोष्टीला भीत आल्या होत्या, मागच्या खोलीतल्या त्या लावलेल्या दाराला. तीन महिने सरत आले, पोट टिकलं, म्हणून मागच्या सोनोग्राफीपर्यंत त्या मनातून जरा सैल होत आल्या होत्या. टिकणं हेसुद्धा भिण्यासारखं असू शकतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"चाचणी आहे ना पण त्याची?… आत्ता? आत्ताच का?… वारेचा तुकडा. बरं. चौदाव्या आठवड्यापर्यंत… आणि नंतर गर्भाभोवतीच्या पाण्याची. पण काय शोधायचं ते त्यांना माहीत असलं पाहिजे. पाच आणि अकरा… साध्या तपासणीत सुटू शकतं. हं. हं… म्हणजे त्यांना सांगितलंच पाहिजे… कळतंय रे मला, एक-एक दिवस मोलाचा आहे, कळतंय… नाही, तू तिला फोन करायचा नाहीस. मुंगळ्या, शपथ आहे तुला… अरे, तिला तुझ्याकडून कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही… तुझ्याकडून कळो नाहीतर माझ्याकडून, नाही बघणार म्हणतोस. असेल. असेलही तसं."

"उद्या सांगते… उद्या सकाळी, नक्की. आज दमून येईल ती… रात्री जावई असतो… मी टाळत नाहीये. मी फक्त… तू मघाशी मला काय विचारलंस? तो सहावा ठेवू का. आणि मी कसं पटकन म्हणाले, ठेव, सांगता येतं. सांगता येत नाही रे. तोंडच उघडत नाही. तू ठेवायच्या आधी हे माहीत असू दे तुला. लहान आहे तोवर लहान आहे, मोठं झालं की लग्न आहे, लग्न झालं की… रोज एक कारण मिळतं आणि रोजचं कारण खरं असतं."

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. बाई उठून उभ्या राहिल्या.

"आली… हो, तीच. जावई सोडून निघाला… नाही, ठेवू नकोस. ठेवू नकोस, थांब तसाच… ये गं. अगं, मामा आहे फोनवर. काय म्हणाल्या?"

मनी आत आली ती हसतच. तिनं फाइल टेबलावर टाकली, चपला काढल्या आणि स्टूल ओढून घेतलं. पाणी अजून तेवढंच आहे म्हणाली, जरा जास्तच म्हणा, पण ठोके अगदी छान. डॉक्टरीणबाई मोठ्या भल्या होत्या, एक लांबलचक फॉर्म पुढे ठेवला त्यांनी. दोन्ही घरांत कुणाचे वारंवार गर्भ पडलेत का, कुणाच्या गुणसूत्रांत काही दोष निघालाय का, असलं काय काय. मनीनं सगळ्याला 'नाही' लिहिलं. नक्की ना, असं त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा मनी म्हणाली, माझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, असतं तर तिनं कधीच सांगितलं असतं. मग त्या म्हणाल्या, वय लहान आहे, घराण्यात काही नाही, तर सुई घालायची घाई नको, तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. एवढं सांगून मनीनं विचारलं, चहा आहे का, आणि मामाला माझा नमस्कार सांग.

"ऐकलंस?… नाही, तुला नसेल आलं ऐकू. फॉर्म भरून आली ती… 'नाही' म्हणून. सगळ्याला… सही करून… म्हणाली, आईनं सांगितलं असतं."

पलीकडून काय उत्तर आलं ते मनीला कळलं नाही. तिला आईचा चेहरा दिसत होता, आणि तो बघता बघता तिचं हसू ओसरलं.

"नको. तू नाही, मीच… आत्ता. तू थांब फोनवर, नाहीतर पुन्हा माझी जीभ फिरेल. थांब… मनी, चहा नंतर. तो फॉर्म दाखव मला. प्रत दिलीय ना तुला?… हे बघ. हे दुसरं उत्तर, आणि हे तिसरं. ही चुकीची आहेत, बाळा… नाही, थट्टा नाही. तुझं नाही चुकलं, तुला माहीतच नव्हतं. मामाला गुणसूत्रांचा दोष आहे, पाच आणि अकरा नंबरच्या टोकांची अदलाबदल. मामीला काही नाही, मामाला आहे, आणि मलाही आहे. आजीला होतं. तुझ्यात आलंय का ते कुणी पाहिलेलं नाही."

मनीनं ती दोन उत्तरं पुन्हा वाचली. मग तिनं एकच विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे.

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

मनीनं हात पुढे केला. बाईंना वाटलं, तिला मामाशी बोलायचं असेल, म्हणून त्यांनी फोन दिला. तिनं तो कानाला लावलाही नाही, बंद केला, आणि फाइलवरचा नंबर बघून एकेक आकडा दाबला. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. आता एकच बाजू ऐकण्याची पाळी त्यांची होती.

"मी मगाशी येऊन गेले ती… नाही, विसरलं काही नाही. मला फॉर्ममधली दोन उत्तरं बदलायचीयत… हो, आजच. बंद व्हायच्या आत येते मी… पाच आणि अकरा, असं म्हणतायत… माझ्या घराण्यात. माझ्याच… आईकडून… हो, थांबते."

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून हात उचलला, तर मनी सरकून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.